एका आडनावाचे क्रियापद

इंग्रजीत माणसांच्या नावांवरून रूढ झालेले शब्द पुष्कळ आहेत. व्होल्ट, वॅट, पाश्चरायझेशन अशा शब्दांत शोध लावणाऱ्याचे नाव त्याच्या क्षेत्रातल्या संज्ञेला चिकटलेले दिसते. ‘बॉयकॉट’ या ओळीत बसत नाही. ज्यांनी ते शस्त्र चालवले त्या शेतकऱ्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. ज्याच्यावर ते चालले त्याचे आडनाव मात्र क्रियापद होऊन राहिले आणि काही वर्षांतच फ्रेंच, जर्मन, डच, रशियन भाषांत जाऊन पोचले. या शब्दाची कथा साधारणपणे एका सरळ रेषेत सांगतात: आधी एका माणसाला वाळीत टाकणे, मग मालावर बहिष्कार, मग निवडणुकांवर, परिषदांवर, ऑलिंपिकवर. अर्थ विस्तारत गेला, इतकेच. हे सांगणे चुकीचे नाही, पण त्यात शब्दाच्या जन्मामागचे खरे कारण निसटते. माणसाला वाळीत टाकण्याची रीत १८८० मध्ये नवी नव्हती आणि तिला नावांचाही तोटा नव्हता. नवी होती ती तिची दिशा. वरच्यांनी खालच्यांवर, किंवा गावाने आपल्यातल्याच एखाद्या दुबळ्यावर चालवायचे हत्यार आयर्लंडच्या कुळांनी जमीनदाराच्या कारभाऱ्यावर चालवले, आणि त्या उलटलेल्या दिशेला नाव हवे म्हणून हा शब्द घडवला गेला. पुढच्या जवळपास दीडशे वर्षांत या शब्दावरून जे मोठे वाद झाले, ते मुळात या दिशेबद्दलचेच वाद आहेत, असे माझे म्हणणे आहे.

आयर्लंडच्या पश्चिमेचा मेयो परगणा त्या बेटावरच्या सर्वांत गरीब भागांपैकी एक. १८४५ ते १८४९ च्या बटाट्याच्या दुष्काळात देशात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तेवढीच परदेशी गेली. १८७९ मध्ये पुन्हा पीक बुडाले तेव्हा तो दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेली पिढी मेयोत अजून हयात होती. त्यातच अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागल्याने शेतमालाचे भाव पडलेले. खंड मात्र चांगल्या वर्षांच्या हिशेबाने ठरलेला. बहुतेक कुळे वर्षावर्षाच्या बोलीवर जमीन कसत. खंड थकला की बेदखलीची नोटीस येई, आणि बेदखल होणाऱ्याचे शेत तर जाईच, त्याबरोबर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेले घरही जाई. याच मेयोत जन्मलेल्या मायकेल डेव्हिटच्या कुटुंबाला तो लहान असताना असेच घराबाहेर काढले गेले. ते लँकशायरला गेले आणि तिथल्या कापडगिरणीत अकरा वर्षांच्या मायकेलचा उजवा हात गेला. ऑक्टोबर १८७९ मध्ये लँड लीग स्थापन झाली तेव्हा तिच्यामागची मुख्य संघटनबुद्धी डेव्हिटची होती. अध्यक्ष होता चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, स्वतः प्रॉटेस्टंट जमीनदार आणि ब्रिटिश पार्लमेंटातला आयरिश पुढारी. कुळांच्या मागण्या तीन होत्या: रास्त खंड, खंड भरणाऱ्याला जमिनीवरून न हटवण्याची हमी, आणि कुळाला आपला हक्क विकण्याची मोकळीक.

लीगपुढचा पेच व्यवहारातला होता. एका कुळाला बेदखल केले की शेजारचेच दुसरे कूळ, तेही जमिनीला भुकेले, ती जमीन घ्यायला पुढे येई. असा माणूस मिळत होता तोवर जमीनदाराला धास्ती नव्हती. पूर्वी अशा माणसाचा समाचार रात्रीच्या हल्ल्यांनी, गुरे जायबंदी करून, प्रसंगी खुनाने घेतला जाई. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस इथल्या सभेत पार्नेलने लोकांनाच विचारले की अशाचे काय करावे, तेव्हा गर्दीतून गोळी घालण्याची भाषा आली. त्याने दुसरा मार्ग सांगितला. रस्त्यात, दुकानात, बाजारात, प्रार्थनेच्या जागीसुद्धा त्याच्याशी कोणी बोलू नये. जुन्या काळी महारोग्याला दूर ठेवत तसे त्याला एकटे पाडावे. इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण ती माझ्याच म्हणण्याला अडचणीची आहे. पार्नेलचे लक्ष्य जमीनदार नव्हता. लक्ष्य होते कुळांतलेच, बेदखल झालेल्याची जमीन बळकावणारे. म्हणजे एनिसच्या व्यासपीठावरून अजून जुनेच गाव बोलत होते, आपल्यातून फुटलेल्याला शिक्षा करणारे. दिशा उलटायला आणखी तीन दिवस लागले.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट इंग्लंडमधल्या नॉरफकचा, १८३२ चा जन्म. काही काळ सैन्यात होता, आणि लोक त्याला कॅप्टन म्हणत. अचिल बेटावर बरीच वर्षे शेती करून तो १८७३ च्या सुमारास मास्क सरोवराकाठी आला. लॉर्ड अर्नची तिथली सुमारे पंधराशे एकरांची मालमत्ता आणि तीवरची अडतीस कुळे सांभाळणे हे त्याचे काम. शिवाय त्याची स्वतःची मोठी शेती होती. तो क्रूर म्हणून गाजलेला नव्हता. आयर्लंडमध्ये त्याच्याहून कठोर कारभारी कितीतरी होते. कुंपण ओलांडले, गुरे शिरली, अशा बारीकसारीक गोष्टींसाठी दंड करणारा, काटेकोर आणि हट्टी, एवढीच त्याची ख्याती. त्या वर्षी लॉर्ड अर्नने खंडात दहा टक्के सूट देऊ केली, कुळांनी पंचवीस टक्के मागितली, ती नाकारली गेली आणि बेदखलीच्या नोटिसा निघाल्या. २२ सप्टेंबरला नोटिसा बजावणारा माणूस पोलीस बंदोबस्तात निघाला. काही घरी त्याने त्या पोचवल्या. मग बायका बाहेर आल्या, चिखलाचा आणि दगडांचा मारा सुरू झाला आणि त्याला बॉयकॉटच्या घराचा आसरा घ्यावा लागला. पाठोपाठ जमाव त्या घरावर गेला आणि नोकरांनी, मजुरांनी काम सोडले. पुढची हकिगत बॉयकॉटनेच लिहून ठेवली आहे. १८ ऑक्टोबरला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्याचे पत्र छापून आले. लोहार काम करीना, धोबीण कपडे घेईना, टपाल आणणाऱ्या पोराला धमकावलेले, दुकानदारांना माल देऊ नका म्हणून बजावलेले, शेतात पीक उभे आणि काढायला माणूस नाही, फाटकांची कुलपे फोडलेली आणि गुरे पिकात. मराठी वाचकाला ही यादी अनोळखी वाटणार नाही. लोहार, न्हावी, धोबी, वाणी बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. इथे मात्र जणू बलुतेदारांनी मिळून पाटलाचे दार बंद केले होते.

शब्द कसा घडला याबद्दल जेम्स रेडपाथची साक्ष आहे, आणि या सगळ्या प्रकरणात मला ती सर्वांत मोलाची वाटते. रेडपाथ हा अमेरिकेतला वार्ताहर, गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत मुरलेला, जॉन ब्राउनचे चरित्र लिहिणारा. तो त्या दिवसांत मेयोत हिंडत होता आणि स्थानिक लीगचे नेतृत्व करणारे पाद्री फादर जॉन ओमॅली यांच्याकडे जेवायला बसला होता. जेवताना त्याला एका शब्दाने अडवले होते, असे तो सांगतो. बेदखल झालेल्याची जमीन घेणाऱ्या शेजाऱ्याला लोक एकटे पाडतात त्याला चर्चच्या भाषेतला बहिष्काराचा शब्द चालत होता. पण जमीनदाराला किंवा बॉयकॉटसारख्या कारभाऱ्याला एकटे पाडले तर त्याला वेगळा शब्द हवा, आणि ग्रीक इतिहासातला पंडिती शब्द शेतकऱ्यांना समजणार नाही. फादर ओमॅलींनी थोडा विचार केला आणि त्या माणसाचेच नाव सुचवले. ही हकिगत एकट्या रेडपाथची आहे आणि वार्ताहराला गोष्ट रंगवण्याचा मोह होतो, हे मान्य. पण तो प्रसंग त्याने पुढे रंगवून सांगितला असे धरले, तरी त्यातले तर्कशास्त्र त्या काळाचे आहे: वरच्यावर चाललेल्या कृतीला खालच्यावर चालणाऱ्या कृतीचे नाव पुरत नाही, ही जाणीव तेव्हाच झालेली दिसते. नोव्हेंबर १८८० मध्ये ‘टाइम्स’च्या बातम्यांत हे क्रियापद अवतरणचिन्हांत दिसू लागले. मात्र फादर ओमॅलींनी आखलेली रेघ टिकली नाही. काही आठवड्यांतच तोच शब्द जमीनदाराला, कारभाऱ्याला आणि जमीन बळकावणाऱ्या गरीब शेजाऱ्याला सरसकट लागू होऊ लागला. शब्द ज्या भेदासाठी जन्मला तो भेदच त्याने पुसला, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचे बीज इथे पडले.

बॉयकॉटचे पत्र वाचून उत्तरेतल्या प्रॉटेस्टंट वर्तुळांत खळबळ उडाली. निधी गोळा झाला, आणि कॅव्हन व मोनॅहन परगण्यांतले पन्नास स्वयंसेवक त्याचे पीक काढायला निघाले. सरकारला दंगलीची भीती होती, म्हणून त्यांच्या संरक्षणाला सैनिक आणि पोलीस मिळून सुमारे हजारभर माणसे दिली गेली. नोव्हेंबरच्या पावसात क्लेअरमॉरिसच्या स्टेशनवर ही पलटण उतरली आणि चिखल तुडवत बॅलिनरोबमार्गे शेतावर पोचली. लोकांनी दगड उचलला नाही. फादर ओमॅलींनी त्यांना तसे निक्षून बजावले होते. गाडीवान गाडी देईनात, दुकानदार वस्तू विकेनात, आणि रस्त्याच्या कडेला माणसे गप्प उभी राहत. दोन-अडीच आठवडे बटाटे आणि सलगम उपसले गेले, धान्य झोडले गेले, सैनिकांच्या तळाने बॉयकॉटच्या बागेची दैना झाली. काढलेले पीक जास्तीत जास्त पाचेकशे पौंडांचे होते. बंदोबस्ताचा खर्च दहा हजार पौंडांवर गेल्याचा अंदाज तेव्हाच छापून आला. एकेका सलगमाला सरकारला एक शिलिंग पडला, असा हिशेब पार्नेलने जाहीरपणे मांडला. २७ नोव्हेंबरला बॉयकॉट कुटुंबाने घर सोडले. डब्लिनमध्ये ते ज्या हॉटेलात उतरले त्याच्या मालकाला धमकीचे पत्र आले आणि डिसेंबरच्या आरंभी त्यांनी इंग्लंड गाठले. पुढल्या वर्षी बॉयकॉट परतला, आणखी काही वर्षे तिथेच राहिला, १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये दुसरी अशीच नोकरी धरली आणि १८९७ मध्ये सफकमध्ये वारला. तो परतू शकला, पूर्वीच्याच घरात राहू शकला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्याकडे पुढे यावे लागेल.

यावर इतिहासकार म्हणतील की सामूहिक नकाराचे श्रेय मेयोला कशाला? अमेरिकेतल्या वसाहतींनी १७६० च्या दशकातच ब्रिटिश माल न घेण्याचे करार केले होते. १७९१ मध्ये विल्यम फॉक्सने एक पत्रक छापले आणि ब्रिटनमधल्या असंख्य कुटुंबांनी गुलामांच्या श्रमातून आलेली साखर सोडली. आक्षेप रास्त आहे, आणि त्याने माझे म्हणणे मोडत नाही, उलट अधिक नेमके होते. साखर सोडणाऱ्या बाईने एक वस्तू नाकारली. तिने कोणाला एकटे पाडले नाही. गावाने वाळीत टाकलेल्या माणसाला एकटे पाडले जाई, पण त्यामागे पुरी होण्याजोगी मागणी क्वचितच असे. शिक्षा हाच हेतू. मेयोत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. माणूस एकटा पडला, आणि त्याच वेळी त्याच्यापुढे व त्याच्या धन्यापुढे स्पष्ट मागणी होती: खंड उतरवा, नोटिसा मागे घ्या. मागणी मान्य झाली असती तर लोहार दुसऱ्या दिवशी आला असता. वर्षभरात पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या १८८१ च्या जमीन कायद्याने कुळांच्या तिन्ही मागण्या तत्त्वतः मान्य केल्या आणि खंड ठरवायला न्यायासने नेमली. ते एकट्या बॉयकॉटप्रकरणामुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, पण लँड लीगच्या दबावाशिवाय ते झाले असते असे म्हणणाराही मला भेटलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बॉयकॉटच्या नोकरांनी काम मनापासून सोडले की भीतीने? टपालाच्या पोराला धमकी कोणी दिली? २५ सप्टेंबर १८८० रोजी, म्हणजे नोटिसांनंतर तीनच दिवसांनी, शेजारच्या गॉलवे परगण्यात लॉर्ड माउंटमॉरिस या जमीनदाराचा गोळ्या घालून खून झाला होता. अशा हवेत ‘आम्ही फक्त बोलणार नाही’ या शब्दांमागे बंदुकीची सावली होती, हे नाकारून चालणार नाही. जमीन बळकावल्याचा ठपका आलेल्या कितीतरी लहान कुळांनी पुढच्या वर्षांत जे सोसले ते बॉयकॉटपेक्षा फार अधिक होते, कारण त्यांच्यासाठी कोणी पलटण पाठवली नाही. १८८७ च्या आयरिश फौजदारी कायद्याने बॉयकॉटसाठी कट करणे गुन्हा ठरवले. एप्रिल १८८८ मध्ये रोमच्या धर्मासनाने ही पद्धत अधर्म्य म्हणून निषेधली, आणि त्या निर्णयाने कॅथलिक आयर्लंड दुखावले. माझ्या मते या टीकेत जे खरे आहे ते त्याच जुन्या दिशेबद्दल खरे आहे. वर नेम धरलेले हत्यार आपल्याच भावाकडे वळले की त्याच्यातली मागणी गळते आणि शिक्षा उरते. डेव्हिट आणि पार्नेल यांनी हिंसेला पर्याय म्हणून ते पुढे केले, आणि लॉर्ड अर्नच्या मालमत्तेवर ते खरेच तसे वापरले गेले. इतरत्र सगळीकडे तसे झाले असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

शब्द हिंदुस्थानात आला तो वर्तमानपत्रांतून, आणि त्याला तापवले वंगभंगाने. १९०५ च्या उन्हाळ्यात चीनमधल्या व्यापाऱ्यांनी अमेरिकेच्या चिनी-बंदी कायद्याविरुद्ध अमेरिकी मालावर बहिष्कार पुकारला होता. ते उदाहरण ताजे असतानाच ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमधल्या सभेने ब्रिटिश मालावर बहिष्काराचा ठराव केला. ऑक्टोबरमध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तिच्यात फर्ग्युसनचे विद्यार्थी विनायक सावरकर पुढे होते. टिळकांना या शस्त्रात स्वराज्याचा मार्ग दिसला; १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्याबरोबर बहिष्काराचाही ठराव केला. गोखल्यांची भूमिका वेगळी होती. १९०५ च्या काशी काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी बंगालचा बहिष्कार त्या टोकाच्या परिस्थितीत समर्थनीय ठरवला, पण या शब्दात दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी आधी ऐकू येते म्हणून तो जपून वापरावा असे सांगितले. टिळक-गोखले वादाकडे जहाल आणि मवाळ या खणांतून पाहण्याची आपली सवय इथे उपयोगी पडत नाही. गोखल्यांच्या कानाला मेयोचा आवाज नेमका ऐकू आला होता: हा शब्द माणसाला उद्देशून जन्मला आहे, कापडाला उद्देशून नाही, आणि कापडावर लावला तरी माणसापर्यंत पोचेलच. बंगालच्या खेड्यांत ते झालेही. विदेशी माल विकणाऱ्यांचे न्हावी-धोबी बंद झाले, आणि स्वस्त कापडावर जगणाऱ्या गरीब मुसलमान व नामशूद्र शेतकऱ्यांवर देशभक्तीची सक्ती झाली. स्वतः स्वदेशीत उतरलेल्या रवींद्रनाथांनी १९१६ च्या ‘घरे बाइरे’ कादंबरीत ही वेदना मांडली.

मराठीत ‘बहिष्कार’ हा शब्द बॉयकॉटच्या कित्येक शतके आधीचा आहे आणि त्याचा मूळ वापर जातीबाहेर टाकण्याचा. ब्राह्मणांत त्याला ग्रामण्य म्हणत. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून रानडे आणि टिळक यांच्यासह अनेकांवर असेच ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. म्हणजे टिळकांनी हा शब्द जुन्या अर्थाने स्वतःवर झेलला होता आणि पंधरा वर्षांनी नव्या अर्थाने साम्राज्याकडे फेकला. पण त्या जुन्या अर्थाखाली जे जन्मभर राहत होते त्यांच्यासाठी तो अर्थ जुना झालाच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२४ मध्ये संस्था काढली ती ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’, आणि एप्रिल १९२७ मध्ये पत्र काढले ते ‘बहिष्कृत भारत’. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर कोकणातल्या अस्पृश्यांना मार तर बसलाच, त्याशिवाय गावोगाव त्यांची कामे, जमिनी आणि दुकानातला शेरभर दाणाही बंद झाला. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर आंबेडकर सदस्य होते. तिच्या १९३० च्या अहवालात हे नोंदले आहे की अस्पृश्य माणूस आपला कायदेशीर हक्क बजावू लागला की सवर्ण गाव त्याच्यावर सामाजिक बहिष्कार टाकते, आणि या हत्याराच्या परिणामापुढे उघड हिंसाही फिकी पडते.

इथे इतिहासाने असे वळण घेतले की ज्याची दखल आपल्याकडे पुरेशी घेतली जात नाही. १९२२ मध्ये ब्रह्मदेशात बहिष्कारविरोधी कायदा झाला. तो होता तिथल्या राष्ट्रवादी ग्रामसंघटनांविरुद्ध, सरकारशी एकनिष्ठ माणसांना एकटे पाडणाऱ्या गावांविरुद्ध. म्हणजे मेयोच्या अर्थाच्या बहिष्काराला दडपण्यासाठी साम्राज्याने केलेला. आठ वर्षांनी गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणासाठी जे निवेदन दिले त्यातली बहिष्काराची व्याख्या आणि शिक्षेची कलमे थोड्या फेरफाराने याच कायद्यातून घेतली होती. घर किंवा जमीन न देणे, काम न देणे वा न करणे, रूढ सेवा नाकारणे, व्यवहार तोडणे: बॉयकॉटने ‘टाइम्स’ला कळवलेली यादी कायद्याच्या भाषेत इथे पुन्हा अवतरली. एकच मजकूर साम्राज्याने पराधीन लोकांना रोखायला लिहिला आणि पराधीनांतल्याही सर्वांत पराधीन माणसांनी तो स्वतःच्या बचावासाठी मागितला. बहिष्काराची कृती कागदावर अगदी सारखी दिसते, कोण कोणावर ती चालवतो एवढ्याने तिचा अर्थ उलटतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

यावर कोणी म्हणेल की ही तर पक्षपाताची कसोटी झाली; आपल्याला आवडतो तो बहिष्कार चांगला, नावडतो तो वाईट. तसे नाही. दिशा आवडीनिवडीवर ठरत नाही, ती तपासता येते. एकटा पडलेला माणूस कुठे जाऊ शकत होता? बॉयकॉटकडे ‘टाइम्स’ होता, हजार संगिनी होत्या, आगगाडी होती, इंग्लंड होते, आणि परत यायची सोयही होती. महाडच्या आसपासच्या शेतमजुराकडे यांतले एकही नव्हते. तोडले काय? कोणाची धुलाई आणि मजुरी, कोणाचे पाणी आणि अन्न. गांधीजींनीही असहकाराच्या दिवसांत हीच रेघ ओढली: सामाजिक संबंध आवरते घेणे एक, पण सार्वजनिक विहिरीचे पाणी तोडणे हा रानटीपणा. आणि शेवटी, समोरचा काय केल्याने सुटू शकतो? १ एप्रिल १९३३ ला नाझींनी जर्मनीतल्या ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला आणि दारात गणवेशधारी उभे केले, तेव्हा दुकानदारापुढे मान्य करण्याजोगी मागणीच नव्हती. त्याचा अपराध त्याचे असणे हाच होता. शब्द मेयोचा, पण कृती जुन्या जातबहिष्काराची, आणि तिच्यामागे राज्यसत्ता. अमेरिकेतल्या माँटगोमेरीत डिसेंबर १९५५ मध्ये कृष्णवर्णीयांनी बसमध्ये बसणे सोडले तेव्हा हाच प्रश्न मार्टिन ल्यूथर किंग यांना छळत होता. गोऱ्यांच्या संघटना आर्थिक कोंडीची तीच पद्धत कृष्णवर्णीयांविरुद्ध वापरत होत्या. मग आपण वेगळे काय करतो? दुष्ट व्यवस्थेला दिलेले सहकार्य आपण काढून घेतो आहोत, बस कंपनीला बुडवणे हा हेतू नाही, या निष्कर्षाला ते आले, आणि ‘बॉयकॉट’ या शब्दाबद्दलची आपली अस्वस्थता त्यांनी ‘स्ट्राइड टोवर्ड फ्रीडम’ या पुस्तकात लिहून ठेवली. अलाबामा राज्याने त्यांच्यावर खटला भरला तो १९२१ च्या बहिष्कारविरोधी कायद्याखालीच. आंदोलनाच्या सुरुवातीच्या मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या नेमस्तपणाने मन हेलावते: सौजन्याची वागणूक, आधी येईल त्याला आधी जागा, काही मार्गांवर कृष्णवर्णीय चालक.

महाराष्ट्रात हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात अजून जिवंत आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजातून बहिष्कृत करण्यास बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करण्याचा अधिकार हा धर्मस्वातंत्र्याचा भाग मानला गेला. बहिष्कृत झालेल्याला दफनभूमीपर्यंत सारे बंद होते, याचे वजन त्या निकालात कमी पडले, असे मला वाटते. त्यानंतर जातपंचायतींनी आणि गावकीने वाळीत टाकलेली कुटुंबे, विशेषतः कोकणातली, वर्षानुवर्षे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत राहिली, आणि २०१६ मध्ये राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो २०१७ च्या जुलैत अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. त्यातली गुन्ह्यांची यादी वाचताना मेयोचा लोहार आणि ब्रह्मदेशचा मसुदा दोन्ही आठवतात. जुन्या निकालाचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. बोहरांमधल्या सुधारकांनी १९८६ मध्ये त्याच्या फेरविचारासाठी याचिका केली होती, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवली.